दोरीला हात न लावता

अठ्ठावन्न पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले, की सरकारी नोकरीतल्या बाईला सगळं जग एकच प्रश्न विचारू लागतं. ‘मग नंतर काय करणार?’ मला हा प्रश्न भाजीवालीने विचारला, दातांच्या डॉक्टरांनी माझा जबडा उघडा असताना विचारला, आणि एका गृहस्थांनी तर इन्क्वायरीला फोन करून, मी सांगितलेला नंबर लिहून घेता घेता विचारला. त्यांना माझं वय कसं कळलं, देव जाणे. आवाजावरून कळलं म्हणावं, तर माझा आवाज अजून पंचविशीतच आहे.

मी सुरतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आवाजाबद्दल जास्त सांगत नाही, आत्मस्तुती बरी दिसत नाही. एवढंच सांगते, की नवसारीचा कॉल मी लावायला घेतला, की तार जोडली जाण्याआधीच पलीकडच्या माणसाला मी हवेतून ऐकू गेलेली असे. पण हे सगळं जुनं. नव्वद सालानंतर गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उगवले, आणि आमच्या ट्रंकच्या बोर्डावरचे दिवे उन्हाळ्यातल्या विहिरीसारखे आटले. ज्या बोर्डावर एके काळी पाणी प्यायला फुरसत नसायची, तिथे आम्ही बायका कानाला हेडफोन लावून मेथी निवडायला लागलो.

मग मी छंद लावून घ्यायचं ठरवलं. आधी विणकाम केलं. सुरतेत स्वेटर विणणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. आमच्याकडे थंडी येते ती एका दुपारी, तीही पोंक, म्हणजे आपला हुरडा, खायला. स्वेटर इतका वाढला, की घरातल्या कुणालाच बसेना. शेवटी शिलाई मशीनला घातला, तिला मात्र अगदी मापात बसला. मग पेटी शिकले. मी पेटीवर बसले, की समोरच्या बिल्डिंगमधले काका बाल्कनीतले कपडे काढून आत नेत. पाऊस येईल या भीतीने नव्हे. त्यांचं म्हणणं, कपडे घाबरतात.

आमचे हे त्याआधीच निवृत्त झाले होते. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये टाइमकीपर. उभा जन्म गेटवर बसून लोकांच्या कार्डावर वेळ टाकण्यात गेला. एकदा माझा सख्खा भाऊ त्याच मिलमध्ये कामाला लागला आणि भोंग्यानंतर एक मिनिट उशिरा पोचला. ह्यांनी त्याला ‘या मेहुणे’ म्हणून चहा पाजला आणि कार्डावर अर्धा दिवस कापला. दोन्ही एकाच हाताने. खोटं हा शब्द ह्यांच्या तोंडाला कधी शिवला नाही. पाहुण्यांकडे जेवताना मी ‘वा, काय भरीत झालंय!’ म्हणायचे, आणि हे शांतपणे म्हणायचे, ‘मीठ कमी आहे.’ मी माहेरची तीळभर गोष्ट हंडाभर करून सांगायला बसले, की हे कोपऱ्यातून हंड्याचा तीळ करून परत ठेवायचे. असा आमचा संसार बरोबरीत चालला होता.

आता मुद्द्याचं. ह्यांना गावी जायचं होतं. खानदेशात, तापीच्या काठाला ह्यांचं गाव. तिथे घराच्या मागे दोन खोल्या बांधून ठेवलेल्या होत्या, गच्चीवर पाण्याची टाकी, अंगणात पेरू. माझी नोकरी संपली, की सामान ट्रकमध्ये टाकायचं आणि निघायचं, हे ह्यांच्या मनात इतकं पक्कं होतं, की विचारायचं राहूनच गेलं होतं.

गावाशी माझं भांडण नाही. गाव चांगलं आहे, हवा चांगली आहे, पेरू तर नारळाएवढे होतात. पण तिथे मी सून. तिथे ओट्यावर थोरले जेठ, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, बसलेले असतात. ते जिवंत आहेत तोवर डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली, आणि बोलायचं ते भिंतीकडे तोंड करून, तेही दुसऱ्या बाईच्या कानात. ती बाई मोठ्याने सांगणार. उन्हाळ्याच्या सुटीत आठ दिवस हे जमायचं. आठ दिवस माणूस श्वास धरूनही राहील. पण पुढचं सगळं आयुष्य? ज्या आवाजावर मी पेन्शन कमावली, तो आवाज पदराखाली कुजवत ठेवायचा? ह्यांना मी हे सांगितलं होतं. हे म्हणाले, ‘तिथं तुला कोण काय म्हणणार आहे?’ कुणी काहीच म्हणणार नव्हतं, तेच तर.

एका रविवारी माझी नणंद आणि तिचे यजमान जेवायला आले होते. तापीची गोष्ट निघाली. मी रंगात येऊन सांगितलं, की लहानपणी भर पुरात, पाठीवर शेळी बांधून, मी तापी पोहून पार केली होती. वर शेळीला वाटेत धीरही दिला होता. नणंद डोळे मोठे करून ऐकत होती. यजमानांनी तर जेवणाचा हात थांबवला.

हे ताटात बघत म्हणाले, ‘हिचं माहेर तापीपासून चार कोस. हिला बादलीत उतरवलं तरी बुडेल.’

नणंद फस्सकन हसली. ‘वहिनी, मग शेळी पोहत होती का तुम्हाला पाठीवर घेऊन?’

मला राग आला. शेळीबद्दल कुणी बोललेलं मला चालत नाही. मी म्हणाले, ‘पोहून दाखवू?’

‘दाखव.’

‘दाखवलं तर गावाचं नाव काढायचं नाही.’

नणंदेने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. हे पोळीचा तुकडा चावून, गिळून, पाणी पिऊन बोलले. टाइमकीपर माणूस, प्रत्येक गोष्ट आपल्या वेळेला.

‘सरकारी हौदात एक लांबी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे थांबायचं नाही, दोरीला हात लावायचा नाही. जमलं, तर आपण सुरतेत. नाही जमलं, तर रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक.’

‘कबूल,’ मी म्हणाले. बोलून गेले. पोहण्याबद्दल मला तोपर्यंत एवढंच माहीत होतं, की ते ओलं असतं.

आमच्या भागात तरणकुंड होतं. गुजरातीत पोहण्याच्या तलावाला तेच म्हणतात. तिथे उन्हाळ्यात दुपारी बायकांची बॅच असे. फॉर्म भरायला गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, ‘मासी,’ म्हणजे मावशी, ‘नातीचं नाव सांगा.’ मी माझं सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

पोशाखाचा प्रश्न आला. चौटा बाजारात जे मिळत होतं ते घालून मी आरशासमोरही उभी राहिले नसते. मग आमच्या शिंपीणबाईने ह्यांच्या मिलच्या पॉलिएस्टरच्या कटपीसमधून एक पोशाख शिवला. कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत झगा, आत तंग चोळणा, वर मोठाली गुलाबाची फुलं. मी पहिल्यांदा पाण्यात उतरले आणि पॉलिएस्टरमध्ये हवा भरली. असा फुगा झाला, की मी तरंगायला शिकण्याआधीच तरंगू लागले. सगळी बॅच काठावर धावली. शिकवणाऱ्या कोचबेन शिट्टी तोंडात धरून ओरडल्या, ‘मासी, हवा काढो! पहेला हवा काढो!’ दोन मुलींनी दोन्हीकडून झगा दाबला तेव्हा मी खाली आले. त्या दिवशी हवेतल्या हवेत मी अर्धा हौद पार केला असता, पण ते धरता येणार नाही, असं ह्यांनी घरी सांगितलं.

कोचबेन माझ्या मुलीच्या वयाच्या, पण शिस्तीला माझ्या सासूच्याही वर. ‘पग हलावो! मोढुं पाणीमां!’ पाय हलवायला माझी हरकत नव्हती, पण तोंड पाण्यात घालायचं, हे मला पटत नव्हतं. तोंड पाण्यात गेलं तर बोलायचं कशाने? पण शिकले. काठाला धरून पाय मारले, इतके मारले, की पलीकडे पुरुषांच्या शॉवरपर्यंत पाणी उडायचं. फळी धरून गेले. फळी सोडून गेले. एक्स्चेंजमध्ये रिकाम्या बोर्डासमोर बसून हात मारायची सवय करायचे. एकदा साहेबांनी पाहिलं आणि मला लवकर घरी जायला सांगितलं.

बॅचमध्ये बहुतेक सुरती बायका. कापडाच्या दुकानवाल्यांच्या सुना, दोन शिक्षिका, कतारगामची, हिऱ्याच्या घंटीवाल्याची, म्हणजे चाकावर हिरे घासणाऱ्याची बायको. ही माझ्या शेजारच्या पट्ट्यात पोहायची. पाण्यात तिच्या बांगड्या वाजायच्या, काढायला सांगितल्या तरी काढायची नाही. पोहून झालं, की आम्ही सगळ्या ओल्या केसांनी बाहेरच्या गाडीपाशी उभ्या राहून लोचो, म्हणजे बसलेला मऊ ढोकळा, खायचो आणि सासवांचा उद्धार करायचो. मी माझ्या सासूबद्दल काही गोष्टी रचूनही सांगितल्या. बिचारी वारल्याला किती वर्षं झाली, तिला काय फरक पडणार. तिथे मला कुणी सून म्हणून ओळखत नव्हतं. मी मासी होते, आणि मासीला आवाज चालतो.

खरं सांगायचं, तर पैज मी विसरत चालले होते. मला नुसतं जायला आवडत होतं. पाण्यात कान बुडाले, की एक्स्चेंज नाही, पांडेसऱ्याचा भोंगा नाही, ट्रक नाही. पण घरी हे मधूनच म्हणायचे, ‘गावाकडं फोन केला होता. टाकीला गळती होती, नीट केली.’ की मी पुन्हा दुप्पट पाय मारायचे.

बॅच संपायच्या दिवशी घरच्यांना बोलवायची पद्धत होती. त्या दिवशी पुरुषांनाही गॅलरीत बसू देत. प्रत्येकीने एक लांबी पोहून दाखवायची, मग प्रमाणपत्र, मग आइस्क्रीम. हे आले. इस्त्रीचा शर्ट, पेन खिशात, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, जसं गेटवर घालायचे. पहिल्या रांगेत, अगदी माझ्या पट्ट्याच्या समोर बसले. सोबत नणंदही होती, साक्षीदार म्हणून.

मी उतरले. झग्यातली हवा काढली. शिट्टी वाजली.

सुरुवात छान झाली. मी सांगते, पाण्याने बाजूला होऊन मला वाट दिली. हात, पाय, श्वास. हात, पाय, श्वास. अर्ध्यावर गेले तेव्हा दम लागला, पण थांबले नाही. दोन्ही बाजूंना लाल-पांढऱ्या ठोकळ्यांच्या दोऱ्या, अगदी हाताशी. माझे हात त्यांच्याकडे असे ओढ घेत होते, जशी म्हैस गोठ्याकडे. मी हातांना दम दिला. पाऊण झालं. डोळ्यांत औषधाचं पाणी, कानांत माझंच धापणं. टोक किती लांब आहे, हे दिसत नव्हतं. वाटलं, पुढच्या महिन्यात येईल.

आणि गॅलरीतून हे ओरडले.

आता ह्यांचं एक सांगायला हवं. हे मराठी बोलतात ती शुद्ध, ऑफिसची. गुजराती बोलतात तीही कागदावरची. पण जीव वरखाली झाला, की सगळ्या भाषा गळून पडतात आणि उरते अहिराणी. गेल्या तीस वर्षांत असं दोनदाच झालं होतं, दोन्ही वेळा बाळंतपणात. आता तिसऱ्यांदा झालं. हे उभे राहिले, कठड्यावर वाकले आणि सगळा हौद दणाणेल अशा आवाजात ओरडले:

‘उनं व, उनं! टोक उनं! उनं!’

अहिराणीत उनं म्हणजे आलं. टोक आलं गं, आलं. मला समजलं. मला इतकं बरं वाटलं, की पायांत पुन्हा बळ आलं. पैज हरायला बसलेला माणूस मला जिंकवायला ओरडत होता.

पण गुजरातीत ऊनुं म्हणजे गरम.

शेजारच्या पट्ट्यात कतारगामची बाई आपली लांबी संपवून टोकाशी दोरीला रेलून उभी होती. तिने गॅलरीतल्या काकांची किंकाळी ऐकली, ‘ऊनुं! ऊनुं!’, आणि तिच्या डोळ्यांपुढे जे यायचं तेच आलं. डाइंगच्या मिली वापरलेलं पाणी खाडीत सोडतात, वाफाळतं, कधी जांभळं, कधी पोपटी. सुरतेत लहान पोरालाही ते माहीत. ती किंचाळली, ‘पाणी ऊनुं! मिलनुं पाणी घुसी गयुं! बहार नीकळो!’

मग जे झालं, ते मी वाढवून सांगत नाही, कारण वाढवायला जागाच नाही. पाण्यात होत्या त्या सगळ्या एकदम काठावर चढायला लागल्या. काठावर होत्या त्या आतल्यांना ओढायला लागल्या. एक शिक्षिका, पाणी अगदी गार असताना, ‘भाजलं, भाजलं’ म्हणून पाय झटकत होती. कतारगामची बाई अशी बाहेर झेपावली, की तिच्या मागे उठलेली लाट थेट माझ्या तोंडावर आली. मी नेमकी श्वास घेत होते. लाट घेतली.

खाली गेले. नाकात, घशात, कानांत पाणी. हात वर केला आणि हाताला ठोकळा लागला. मी धरला. नुसता धरला नाही, दोन्ही हातांनी मिठी मारली, जशी आईला मारतात. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. समोर भिंत, दोन हातांवर. मग दोरी सोडली, पाय मारले आणि भिंतीला हात लावला.

वर पाहिलं, तर माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. कोचबेन पाण्यात कोपर बुडवून गरम आहे का बघत होत्या. नणंद पायऱ्या उतरून पळणाऱ्या बायकांत अडकली होती. चौकीदार पंप बंद करायला धावला होता. फक्त हे कठड्याशी उभे होते आणि सरळ माझ्याकडे बघत होते. गेटवरच्या माणसाची नजर. त्या नजरेतून एक मिनिट सुटलं नव्हतं, दोरी कशी सुटणार?

पाणी गार आहे, हे सिद्ध व्हायला बराच वेळ गेला. मग कोचबेन प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. माझ्या नावापाशी अडखळल्या. ‘मासी, मी तुमचा शेवट पाहिला नाही. दोरी धरली नव्हती ना?’

मी टॉवेल गुंडाळून खोकत होते. तोंड उघडलं. खोटं माझ्या जिभेवर नेहमी तयार असतं, वाफ धरलेल्या भातासारखं. त्या क्षणी मात्र आलं नाही. खोकलाच आला. हे माझ्यासमोर उभे होते, आणि ह्यांच्यासमोर मी काय सांगणार?

कोचबेन ह्यांच्याकडे वळल्या. ‘काका, तमे सामे ज हता. दोरी पकडी हती?’

ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं. का, कोण जाणे. मग आपल्या कागदावरच्या गुजरातीत, एकेक अक्षर ठेवत म्हणाले, ‘ना. नथी पकडी.’

नणंद तोवर आली होती. ‘दादा, खरंच?’

‘मी कधी खोटं बोललोय?’ हे म्हणाले.

कोचबेननी प्रमाणपत्र दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नणंदेने मला ओल्या अंगानेच मिठी मारली. मी आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीत स्वतःची एक ओळही घातली नाही.

परत जाताना रिक्षात आम्ही दोघंच. उधना दरवाजा आला. मग हे बाहेर बघत म्हणाले, ‘गावच्या खोल्यांना भाडेकरू बघावा लागेल. शाळेत बदलून आलेले मास्तर असतात, त्यांना लागतात.’

‘बघा,’ मी म्हणाले.

‘टाकी नीट केली हे बरं झालं.’

‘हो.’

त्या रात्री हे जेवले कमी, पण झोपले लवकर.

दिवाळीत गावी गेलो, तेव्हा भाडेकरू मास्तर राहायला आलेले होते. थोरले जेठ ओट्यावर बसले होते. मी आत, दाराच्या मागे, पदर खाली ओढून. जेठांनी ह्यांना विचारलं, ‘सुनबाई आता रिटायर होतील. मग इकडं कधी येताय?’

हे म्हणाले, ‘आता यायचं जमणार नाही. हिची पोहण्याची बॅच असते.’

‘उन्हाळ्यात असेल. बाकीचं वर्ष?’

‘बारा महिने असते,’ हे म्हणाले. ‘आणि तिथं हजेरी फार कडक. एक दिवस चुकला, तर नाव कापतात.’

तिथे हजेरी कुणी घेत नाही. मी दारामागे उभी होते आणि भिंतीकडे तोंड करून हसत होते.